नाताळच्या सुट्टीत पडवीत वाचायला: कमी रक्ताच्या रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या

सुपारीबाग

दिवाळी अंकांचा गठ्ठा संपत आला. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ घरात आल्या आल्या पळवले गेले, आता उरलेत ते परिसंवादवाले. नाताळात बोरिवली, ठाणे, कोथरूड अशी सगळी फौज आमच्याकडे गुहागरला थडकणार आहे. समुद्रावर जाऊन जाऊन किती जाणार? अकरा वाजले की वाळू तापते. जेवणं झाली की पडवीत चटया पडतात आणि मग ‘वाचायला काय आहे गं?’ सुरू होतं.

मला दोन प्रकारची पुस्तकं सुचवा. पहिला प्रकार म्हणजे इंग्रजीत ज्यांना कोझी मिस्ट्री म्हणतात त्या. खून होतो, पण पानाआड. प्रेताची वर्णनं नाहीत, छळ नाही, माथेफिरू खुनी नाही. गाव लहान, माणसं एकमेकांच्या ओळखीची, तपास करणारं माणूस पोलिसातलं नाही, आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच. गेल्या सुट्टीत भाच्याने उत्तर युरोपातलं काहीतरी बर्फाळ आणलं होतं. मोठ्या आत्येने थोडं वाचलं, पुस्तक पालथं ठेवलं आणि म्हणाली, ‘हे वाचून रात्री परसात कोण जाईल?’

आत्येची लाडकी मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी १९३० ची. म्हातारी विणकाम करत बसते, आणि कुठलाही संशयित समोर आला की तिला आपल्या गावातल्या कुणाची तरी जुनी लबाडी आठवते. त्यावरून ती माणूस ओळखते. आत्येचं म्हणणं, यात अगाथा ख्रिस्तीने काय मोठंसं केलं, आम्ही वाडीत रोज हेच करतो.

दुसरा प्रकार ऐतिहासिक. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘राऊ’, ‘पानिपत’ घरात आहेत, वाचून वाचून बांधणी सुटलेली. समुद्र, गलबतं, बंदरं ज्यात आहेत असं काही हवं. घाटावरचे घोडे पुष्कळ झाले.

वयोगट सातवीतल्या भाचीपासून आत्येपर्यंत. इंग्रजी चालेल, पण मोठ्याने वाचून दाखवता येईल असं मराठी असेल तर फार बरं.

मालवणी_गजाल

रुमाल टाकून ठेवतंय, सवडीन लिवतंय. तवसर येकच सांगतंय. आमच्याकडे असली रहस्यकथा चलाची नाय. खून जालो तर सांजेक तिठ्यार चाय घेयत बसलास काय खुनी कोण तां गावता. पुस्तक तीन पानांत आटापला. पोलिसांका मातर वर्सभर गावणा नाय, ती गजाल येगळी.

अष्टागर

समुद्र आणि आरमार हवं असेल तर मनोहर माळगावकरांनी इंग्रजीत लिहिलेलं कान्होजी आंग्र्यांचं चरित्र घ्या. मूळ पुस्तक १९५९ चं आहे आणि मराठी अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केलाय, ‘कान्होजी आंग्रे’ याच नावाने. कादंबरी नाही, पण कादंबरीच्या वेगाने जातं. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी, सातारा असे सगळे एकाच पाण्यात हातपाय मारतायत आणि मधोमध हा माणूस प्रत्येकाकडून दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, मागतोय. मोठ्याने वाचायला उत्तम.

आमचा शिरस्ता असा. पुस्तक अर्धं झालं की अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचं. भरतीची वेळ आधी बघून घ्यायची, नाहीतर आत अडकून बसाल किंवा होडी करावी लागेल. येताना गावातली कान्होजींची समाधी. १७२९ साली गेलेला माणूस, पण पुस्तक ताजं असलं की समाधीपाशी उभं राहणं वेगळं वाटतं.

आणि नाताळातच येत असाल तर कोर्लईला एक चक्कर टाका. गड पोर्तुगीजांचा, आणि खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली घरात बोलली जाते. पोर्तुगीज चौल सोडून गेले त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, भाषा राहिली. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

रात्री पोपटी लावा म्हणजे झालं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, खडेमीठ, ओवा. मडकं पालथं घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. शेंगा शिजेपर्यंत एक प्रकरण होतं.

सुपारीबाग

अष्टागर, कान्होजी लिहून घेतलं. पोपटी आमच्याकडे दक्षिणेला तेवढी नाही, पण भाचरं हट्ट धरतील आता.

गजालदादा, तुमचा मुद्दा विनोदाचा असला तरी खरा आहे. लहान गावात रहस्य टिकतं ते माहिती नाही म्हणून नव्हे. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं आणि कोणी कुणाला सांगत नाही. मार्पलबाई तेच गोळा करते.

चिपळूणकरीण

बाबुराव अर्नाळकरांचं नाव अजून कसं आलं नाही? खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, टोपणनाव वसईजवळच्या अर्नाळ्यावरून. म्हणजे माणूस आपल्याच किनाऱ्याचा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. आमच्या आजोबांच्या पिढीने या कथा दिवसाला एक अशा संपवल्यात.

तुमच्या व्याख्येत त्या बसत नाहीत हे मान्य. पाठलाग, वेषांतर, पिस्तुलं सगळं आहे. पण रक्त बघायला मिळत नाही आणि वाईट माणसाला शेवटी शिक्षा होते, म्हणजे आत्येच्या दोन्ही अटी पूर्ण. तासाभरात एक पुस्तक होतं. भाषा जुनी आहे, मुलं हसतील. हसू देत.

सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास कॉलेजवाल्यांना द्या. कोर्टातली उलटतपासणी वाचताना दुपारची झोप उडते.

वाचनालयाचं म्हणाल तर आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या आणि मग २०२१ च्या जुलैच्या पुरात पुस्तकांचं अतोनात नुकसान झालं, तरी उभं राहिलं. रत्नागिरीचं त्याहून जुनं, १८२८ चं. सुट्टीपुरतं गावी येणाऱ्यांनी आल्या आल्या आधी वाचनालय गाठावं, तेवीस तारखेनंतर चांगलं काही शेल्फावर राहत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर सांगते. पावसाळाभर कपाटात दमट बसलेली पुस्तकं काढायची हीच वेळ. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अंगणात नव्हे, पडवीच्या कडेला, पुस्तक उभं ठेवून पानं मोकळी करायची. थेट कडक उन्हात ठेवलंत तर पुठ्ठा वाकतो आणि खळ सुटते. बांधणीच्या खाचेत चंदेरी किडे पळताना दिसले की समजायचं कसर लागली, मऊ ब्रशने खाच झाडून घ्यायची. कपाट रिकामं असतानाच कोरड्या फडक्याने पुसून वेखंडाचे तुकडे कोपऱ्यात टाकायचे. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधून ठेवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी येते.

दोन_तिकिटं

वाचनखूण साठवली. आम्ही तुतारी एक्स्प्रेसने येणारे चाकरमानी, आम्हाला रात्रीच्या गाडीत दिव्याखाली संपेल एवढं हवं असतं. त्यामुळे कथा.

नाताळसाठी शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट. १८९२ च्या जानेवारीत स्ट्रँड मासिकात आली होती. सणाच्या बदकाच्या पोटात रत्न सापडतं आणि ते बदक कुठून आलं याचा माग होम्स उलटा काढत जातो. खून नाहीच. शेवटी होम्स चोराचं काय करतो ते मी इथे सांगत नाही, पण सणाला शोभेलसं करतो.

सातवीतल्या भाचीला फेलूदा द्या. सत्यजित रायांनी १९६५ साली ‘संदेश’ मासिकात त्याला जन्माला घातला. मराठीत अशोक जैनांचे अनुवाद आहेत, सोपे आणि चटपटीत. फेलूदा, तोपशे आणि थरारकथा लिहिणारा गमतीदार जटायू, तिघं कुठेतरी सुट्टीला जातात आणि तिथे लफडं निघतं. सुट्टीत वाचायला सुट्टीतल्याच गोष्टी. फास्टर फेणे तर असेलच घरात. नसेल तर आधी तो आणा, बाकी सगळं नंतर.

खाडीपलीकडे

ख्रिस्तीबद्दल कोकणाशी संबंध असलेली एक गोष्ट. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करत होती, विषांची ओळख तिथली. १९२० सालच्या पहिल्याच कादंबरीत तिने स्ट्रिक्निन वापरलं. आता हे स्ट्रिक्निन कशात असतं? काजऱ्याच्या बियांत. तोच आपला काजरा, ज्याची नारिंगी फळं रानात पडलेली दिसली की आजी ओरडायची, ‘हात लावू नकोस मेल्या.’ बी चपटी, गोल, बटणाएवढी, वर रेशमी लव. मुलांना कादंबरी वाचून दाखवल्यावर ते झाड लांबून दाखवा. लांबूनच.

सुपारीबाग

हे भारी आहे. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला आहे काजरा. आत्येला सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणूनच कडू तोंडाची माणसं चांगली, विष दिलं तर लगेच कळतं.’ याचा अर्थ मी विचारला नाही.

मी रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये घालून दिलेले रहस्यकथेचे दहा नियम वाचत होते. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे वगैरे. त्यातले दोन इथे लागू करून बघा. एक, दैवी किंवा भुताटकीचा हात चालणार नाही. म्हणजे राखणदार, देवचार, आणि विहिरीवरची बाई हे सगळे संशयित एका झटक्यात बाद. आमच्या वाडीत मग संशयित उरतंच कोण? दोन, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. हे आपल्या किल्ल्यांवरच्या गाइडांना कोणीतरी कळवा.

मालवणी_गजाल

भुयार नाय तर किल्लो कसलो?

कागदपत्र

धागा छान चाललाय, थोडं मीठ टाकतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर माझा राग नाही, त्या वाचून इतिहासावर वाद घालणाऱ्यांवर आहे. ‘स्वामी’ १९६२ ची. त्यातले माधवराव-रमाबाईंचे संवाद रणजित देसायांनी लिहिलेत, कुठल्याही दप्तरात ते सापडणार नाहीत. पण लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस ते संवाद पुरावा म्हणून तोंडावर फेकतो. १८७१ साली गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहून मराठीत हा प्रकार आणला तेव्हा शिवकाळ पार्श्वभूमीला ठेवून गोष्ट आपल्या मनाची रचली होती. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. थोरामोठ्यांच्या तोंडी वाक्यं घालायची आणि मग हात वर करायचे, हे नको.

समुद्रावरचं हवं म्हणताय ना? मग हे घ्या. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. या सगळ्यात पेशवे कुणाच्या बाजूला होते? इंग्रजांच्या. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला. याच्यावर धडधडीत कादंबरी लिहायला कोणी बसावं, आणि तुळाजीच्या बाजूने लिहावी. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गर्दी असते, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो, त्याच्याकडे कोण बघतं?

चिपळूणकरीण

कागदपत्र, अर्ध सहमत. ‘स्वामी’ वाचून मी रडले आणि मग सरदेसायांची ‘मराठी रियासत’ उघडली. कादंबरी नसती तर रियासतीच्या वाटेलाही गेले नसते. वाचक काही तितका भोळा नसतो. पंगतीतल्या त्या गृहस्थाने कादंबरी नसती तर व्हॉट्सॲपवरून वाद घातला असता.

कागदपत्र

हे मात्र पटलं.

मांडवी_बंदर

रत्नागिरीकडून भर घालतो. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’, २००० साली आलेली. ब्रह्मदेशचा थिबा राजा आमच्याकडे नजरकैदेत होता त्याचा मोठा भाग सुरुवातीच्या प्रकरणांत आहे. इंग्रजांनी १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. म्हणजे एवढ्या वर्षांच्या बंदिवासात वाड्याचं सुख जेमतेम सहा वर्षं.

कागदपत्र यांच्या मुद्द्याला धरून सांगतो, त्यातला कलेक्टर आणि त्याची बायको उमा ही लेखकाची निर्मिती. राजा, राणी सुपयालत, राजकन्या खऱ्या. वाचताना हे माहीत असलं की गोडी कमी होत नाही, उलट आपण शोधायला लागतो की शिवण कुठे मारलीय. आमच्या घरात हे पुस्तक वाचून झाल्यावरच सगळे पहिल्यांदा थिबा पॅलेसच्या आत गेले. एरवी पाहुण्यांना बाहेरून दाखवायचा वाडा.

खाडीपलीकडे

दोन्ही प्रकार एकत्र हवे असतील तर ऐतिहासिक रहस्यकथा हा वेगळाच सुखाचा प्रांत आहे. एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल, बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मठातला साधू. आधी क्रुसेडमध्ये लढून आलेला, आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. मालिका १९७७ ला सुरू झाली. त्या काळी ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही, त्यामुळे चिखल कुठला, पानं कुठल्या झाडाची, यावर तपास. बागायतदारांनी जरूर वाचावं.

दुसरी सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री. १९२१ ची मुंबई, पारशी वकील मुलगी, वडिलांच्या ऑफिसात काम करणारी. पडदानशीन बायकांकडे पुरुष वकिलाला जाता येत नाही, हिला येतं, आणि तिथेच सगळी मेख. दुसऱ्या पुस्तकात ती सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात ऐन पावसाळ्यात पालखीतून जाते. घाटातला पाऊस बरा उतरलाय. थोडे मराठी-गुजराती शब्द खटकतात, ते चालवून घ्यावे लागतात.

मालवणी_गजाल

आता सवड गावली. कागदपत्र रावांनी इजयदुर्गाचो विषय काढलो म्हणान सांगतंय. ऐतिहासिक रहस्य म्हणशात तर आमच्याकडे हेलियमचा आसा. १८६८ च्या गिराणात लॉकियर सायबान इजयदुर्गावर दुर्बीण लावन हेलियम सोधून काढलो. सायबाचे ओटे आजून आसत किल्ल्यार. हेलियमचो पाळणो तो आमचोच. ह्याच्यार लिवा कायतरी, किती दिवस पेशव्यांच्या मागे लागतलास?

तारांगण

गजालदादा, रागावू नका, पण हीच खरी रहस्यकथा आहे आणि तुम्ही तिचा शेवट आधीच सांगून टाकलात, तोही चुकीचा. नॉक्सच्या नियमाप्रमाणे सगळे धागे समोर ठेवतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, इंग्रजांचा टेनंटही गुंटूरलाच, हर्शेल जमखंडीला. जान्सेनला सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या वर्णपटात इतक्या ठळक रेषा दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील असं त्याच्या लक्षात आलं. लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ त्या वेळी कुठे होता? इंग्लंडमध्ये. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तिकडूनच, ग्रहणाविना, त्याच ज्वालांचा वर्णपट घेतला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं. सूर्यातल्या त्या अनोळखी पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली, नाव ग्रीक हेलिऑसवरून. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल आणि विल्यम रॅमसे उजाडावा लागला.

आता तुमचे ओटे. लॉकियर विजयदुर्गावर आला होता. मात्र १८९८ च्या २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणाला, इंग्लंडहून पथक घेऊन. म्हणजे हेलियमचा छडा लागून तीस वर्षं झाल्यावर. दोन ग्रहणं, एक साहेब, एक किल्ला, आणि लोकांच्या बोलण्यात तारखा एकमेकींत मिसळल्या.

यात मार्पलबाईने काय पाहिलं असतं? तिने दप्तर उघडलंच नसतं. तिने विचारलं असतं, ‘ऑगस्टात? विजयदुर्गावर? आणि आकाश मोकळं?’ कोकणातल्या कुठल्याही माणसाला हा प्रश्न आधी पडायला हवा. ज्या महिन्यात खाडीत होडी घालत नाहीत त्या महिन्यात कोण शहाणा समुद्राच्या तोंडावर दुर्बिणी मांडेल? जानेवारीत मात्र इथल्याइतकं कोरडं आकाश दुसरीकडे शोधावं लागेल.

मांडवी_बंदर

वा! हे प्रकरण पोपटीभोवती मोठ्याने वाचण्यासारखं आहे.

कागदपत्र

मानलं. आणि हे कादंबरीने पसरवलं नाही, हे मी स्वखुशीने नोंदवतो.

मालवणी_गजाल

म्हणजे पाळणो आमचो नाय? बरा. पण ओटे तर आसत ना? सायब इलो तर होतो ना? मग तीस वर्सांनी इलो म्हणान काय जाला, आमच्याकडे पावणो कदीव येव, चाय गावताच. १८ आगस्टाक आम्ही हेलियम दिवस करतंव तो करतलंवच. छत्री घेवन.

तारांगण

जरूर करा. मी २२ जानेवारीला येतो, दोन्ही दिवस साजरे करू.

दोन_तिकिटं

आत्येबाईंना ‘तुंबाडचे खोत’ दिलं का? श्री. ना. पेंडसे, १९८७, दोन जाड खंड. राजे-सरदार नाहीत, पण जगबुडीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या आहेत. घोड्यांऐवजी बंदर आणि गलबतं. सुट्टीत संपणार नाही, पुढे होळीपर्यंत पुरेल. मुलांनी आत्ता नाही वाचलं तरी चालेल.

सुपारीबाग

आत्येने ते इतक्यांदा वाचलंय की त्यातल्या माणसांना ती ओळखीच्या लोकांसारखी नावं ठेवते. पण कॉलेजवाल्यांसाठी काढून ठेवते.

ठरलं असं. दिवसा ज्याने त्याने आपापलं वाचावं: कान्होजी, ग्लास पॅलेस, परवीन मिस्त्री, भाचीला फेलूदा. रात्री जेवणानंतर पडवीत एकच रहस्यकथा मोठ्याने, मराठी अनुवाद, आवाज ज्याचा बसला नसेल त्याचा. शेवटची दोन प्रकरणं राहिली की थांबायचं. प्रत्येकाने खुन्याचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, नुसतं नाव चालणार नाही. डबा आत्येच्या उशाशी. जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मासळी आणायला जायचं नाही, हरणारे जातील. आत्ये स्वतः खेळणार नाही म्हणते, कारण ती जिंकणार हे सगळ्यांना माहीत आहे.

चिपळूणकरीण, अर्नाळकर कुठे मिळतील? रद्दीवाल्याकडे की वाचनालयात?

चिपळूणकरीण

माझ्याकडे पाच-सहा आहेत, आजोबांच्या ट्रंकेतल्या. मुखपृष्ठं गेलीत, पानं तपकिरी. देईन, पण परत हव्यात, आणि ओल्या हाताने पानं उलटायची नाहीत, आणि मासे साफ करून आलेल्याने हात लावायचा नाही. शनिवारी गुहागर नाक्यावर भेटू.

सुपारीबाग

सगळ्या अटी मान्य. येताना तुमच्यासाठी सुपारी आणि कोकमं आणते.

मालवणी_गजाल

माका खेळाक घेवा. मी येवक शकणा नाय, पण चिठ्ठी आत्ताच लिवन पाठयतंय. खुनी डाक्टर.

सुपारीबाग

अहो, पुस्तक अजून ठरलं नाहीये!

मालवणी_गजाल

तरी पण डाक्टर. ख्रिस्तीबायचा येक पुस्तक वाचलंय मी, तेच्यात

सुपारीबाग

पुढे लिहू नका!! संपादक, वरचा प्रतिसाद झाका कोणीतरी. भाची हा धागा वाचतेय.